कमांडोंची हातघाई आली कुठून: शांघाय, लॉखायलॉर्ट आणि गाळलेले डाव

प्रश्न असा: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना आणि दोस्तराष्ट्रांच्या गुप्त हस्तकांना हातघाईची जी लढाई शिकवली जाई, तिचा उगम कशात? ज्युजुत्सूत, चिनी मुष्टियुद्धात की इंग्रजी बॉक्सिंगमध्ये? या तिन्हींतले काही ना काही तिच्यात सापडते, म्हणून तिन्हींचे अभ्यासक तिच्यावर हक्क सांगतात. माझ्या मते तिघांचाही दावा अपुरा आहे. ही पद्धत घडली शांघायच्या पोलीस दलात. तिला आज ओळखीचे असलेले रूप मात्र १९४० मध्ये आले, पोलिसांसाठी रचलेल्या मोठ्या अभ्यासक्रमातून सैनिकाला न लागणारे बहुतेक सगळे बाजूला सारले गेले तेव्हा. म्हणून उगम शोधताना "हा डाव कोणाकडून घेतला" यापेक्षा "इतके डाव का गाळले" हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आधी थोडे मागे जाऊ. पहिल्या महायुद्धात खंदकांतली हातघाई नेहमीचीच होती. रात्रीच्या छाप्यांत सैनिक खिळे ठोकलेले सोटे, कापून आखूड केलेल्या संगिनी, धार लावलेली फावडी वापरत. ही हत्यारे बहुतेक आघाडीवरच तयार होत आणि ती कशी चालवायची हे जुना सैनिक नव्याला दाखवी, तेवढेच शिक्षण. रीतसर कवायत होती ती संगिनीची. पेंढ्याने भरलेली पोती टांगायची, ओरडत धावत जायचे, खुपसायचे, उपसायचे, पुन्हा पवित्र्यात यायचे. ब्रिटिश सैन्यात या शिक्षणाचा प्रचार रोनाल्ड कॅम्पबेल या अधिकाऱ्याने केला. त्यांचा भर संगिनीच्या तंत्रापेक्षा माणसाच्या मनातली आडकाठी मोडण्यावर होता. अमेरिकेने १९१७ नंतर छावण्यांत व्यावसायिक मुष्टियोद्धे नेमले. कॅम्प अप्टनमध्ये त्या काळचा जगज्जेता बेनी लेनर्ड शिकवत होता. डाव्या हाताचा सरळ ठोसा आणि संगिनीचा खुपसा यांतले पायांचे काम एकच, हा त्यामागचा विचार. ॲलन कॉर्स्टॉर्फिन स्मिथ हा जपानमध्ये काळा पट्टा मिळवलेला शिक्षक युद्धाच्या अखेरीस अमेरिकी पायदळाच्या शाळेत ज्युजुत्सू शिकवत होता.

म्हणजे १९१८ पर्यंत सगळे सुटे भाग सैन्यांच्या हातात होते. तरी त्यांतून पद्धत उभी राहिली नाही. कारण सरळ आहे. युद्ध संपले, मोठी सैन्ये घरी गेली आणि शिकवलेले रोज तपासून पाहण्याची सोय उरली नाही. तशी सोय असलेली जागा भलतीकडेच होती.

विल्यम इवार्ट फेअरबेर्न यांचा जन्म १८८५ सालचा, इंग्लंडमधल्या रिकमन्सवर्थचा. रॉयल मरीन्समध्ये असताना ते कोरियात सोलला होते. १९०७ मध्ये ते शांघाय म्युनिसिपल पोलिसांत आले. शांघायची आंतरराष्ट्रीय वसाहत म्हणजे प्रचंड उलाढालीचे बंदर. अफूचा धंदा, खंडणीसाठी अपहरण, पिस्तूल रोखून दरोडे हे तिथले नित्याचे गुन्हे. पोलीस दलात ब्रिटिश आणि चिनी शिपायांबरोबर शिखांची स्वतंत्र शाखा होती. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका टोळीने बेदम मारल्यावर फेअरबेर्न जपानी शिक्षक ओकादा यांच्याकडे ज्युजुत्सू शिकू लागले. पुढे तोक्योच्या कोदोकानचा, म्हणजे ज्युदोच्या मूळ संस्थेचा, पहिला दान (काळ्या पट्ट्याची श्रेणी) त्यांना १९२६ मध्ये आणि दुसरा १९३१ मध्ये मिळाला. चिनी मुष्टियुद्धही त्यांनी एका वयोवृद्ध शिक्षकाकडून घेतले.

कुंगफूचा वारसा सांगणारे इथेच थांबतात. पण शिकणे एक आणि शिकवणे दुसरे. फेअरबेर्न यांच्यावर पोलिसांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी होती. आलेला रंगरूट काही पहिलवान नव्हता. त्याला ठरावीक मुदतीत बंदोबस्तावर पाठवायचे होते, आणि शिकवलेला डाव फसला तर त्याची खबर त्याच आठवड्यात दवाखान्यातून येई. ३० मे १९२५ रोजी नानकिंग रोडवर लोझा पोलीस ठाण्यासमोर निदर्शकांवर गोळीबार झाला, माणसे मेली आणि चीनभर संतापाची लाट उठली. त्यानंतर दंगलीला तोंड देण्यासाठी खास राखीव तुकडी उभी राहिली, ती फेअरबेर्न यांच्या हाताखाली. गोळी अडवणाऱ्या ढाली, दंडुक्यांच्या रचना, अंधाऱ्या खोल्यांत अचानक लक्ष्य समोर येणारी गोळीबाराची सरावघरे हे सगळे याच काळात विकसित झाले. पिस्तुलाबद्दलचा त्यांचा निष्कर्ष हातघाईलाही लागू पडतो: घाबरलेला माणूस आपोआप वाकतो, मूठ घट्ट आवळतो, समोरच्यावरून नजर काढू शकत नाही. त्याला ताठ उभे राहून पिस्तुलाची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) जुळवायला शिकवण्यात अर्थ नाही. वाकलेल्या, आवळलेल्या अवस्थेतच जे जमते ते शिकवा.

१९२६ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीची पुस्तिका काढली. पद्धतीचे नाव डिफेंडू. ती चाळली की पोलीस डोळ्यांसमोर उभा राहतो. मनगट धरले तर सुटका कशी करायची, गळा धरला तर कशी, मागून मिठी मारली तर कशी, कोटाची कॉलर धरली तर कशी. मग पकडी: दंगा करणाऱ्याला न मारता, हात मुरगळून, चालवत ठाण्यापर्यंत कसे न्यायचे. मग चालायच्या काठीचा उपयोग. मारही आहेत, पण ते बाकीच्या मजकुरात मिसळलेले. हे योग्यच होते. आरोपीला जिवंत, शक्यतो धड, न्यायाधीशापुढे उभा करणे हे पोलिसाचे काम.

आता १९४० मध्ये या. फ्रान्स पडलेला, डंकर्कहून सैन्य शस्त्रे टाकून परतलेले, जूनमध्ये कमांडो तुकड्यांची कल्पना मान्य झालेली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉखायलॉर्ट इथे, इनव्हरायलॉर्ट हाउस नावाच्या मोठ्या घरात, विशेष प्रशिक्षणकेंद्र सुरू झाले. फेअरबेर्न आणि त्यांचे शांघायचे सहकारी एरिक अँथनी साइक्स यांना जुलैत कॅप्टनचा हुद्दा देऊन तिथे पाठवले गेले. साइक्स शांघायमध्ये शस्त्रांच्या व्यापारात होते आणि राखीव पोलीस म्हणून नेमबाजांच्या पथकाचे काम पाहत. फेअरबेर्न तेव्हा ५५ वर्षांचे, चष्मा लावणारे. केंद्रावरच्या लोकांनी त्यांची पहिली झलक जिन्यावर पाहिली असे सांगतात: दोघे वयस्कर गृहस्थ वरून गडगडत खाली आले आणि थेट पवित्र्यात उभे राहिले, एका हातात पिस्तूल, दुसऱ्यात खंजीर.

खरे काम त्यानंतरचे. पोलिसाकडे नसलेल्या दोन अडचणी सैनिकाकडे होत्या आणि पोलिसाची एक अडचण त्याच्याकडे नव्हती. वेळ फार थोडा होता, कारण स्फोटके, नकाशा, होड्या, रात्रीची चाल हे सगळे त्याच आठवड्यांत शिकवायचे. अंगावर सामान होते: खिळ्यांचे बूट, जाड लोकरी गणवेश, पट्टे, काडतुसांच्या थैल्या, शिरस्त्राण. आणि समोरच्याला अटक करायची नव्हती. या तिसऱ्या गोष्टीने अभ्यासक्रमाची उतरंडच बदलली. मनगट मुरगळून माणूस चालवत न्यायला एक शिपाई गुंतून राहतो. शत्रूच्या ठाण्यात ते परवडत नाही. १९४२ मध्ये छापल्या गेलेल्या सैनिकी पुस्तिकेत मार सगळ्यांत आधी येतात: हाताच्या कडेचा फटका, हनुवटीचा धक्का, बूट, गुडघा. सुटका त्यानंतर, पकडी आणि फेकी आणखी मागे. साइक्स यांनी एसओई या शत्रूच्या मुलखात हस्तक पाठवणाऱ्या ब्रिटिश गुप्त संघटनेच्या शाळांत शिकवला तो अभ्यासक्रम याहूनही आटोपशीर होता.

यातला एक मार जवळून पाहू, म्हणजे निवडीचे तत्त्व कळेल. हनुवटीचा धक्का. हात कोपरात वाकलेला, तळवा वर उघडा, बोटे मागे ओढलेली, आणि मार बसतो तो तळव्याच्या मनगटालगतच्या मांसल भागाने, खालून वर, शत्रूच्या छातीला जवळजवळ घासून. हात लांबवून मारायचा नाही. अंतर वीतभरापेक्षा जास्त असेल तर हा मार निवडायचाच नाही. बळ खांद्याचे नव्हे, पायांचे आणि कमरेचे. डोके मागे गेले की तोल मागे जातो आणि त्याच क्षणी गुडघा वर येतो, बोटे डोळ्यांकडे जातात. यात काय चुकते? नवखा हात आधी मागे नेतो, त्यामुळे मार दिसतो. तो बोटे सैल सोडतो, ती दुखावतात. आणि मारल्यावर तो पाऊल मागे घेतो. शिक्षक सगळ्यांत जास्त वेळ या तिसऱ्या चुकीवर घालवत, कारण या पद्धतीत पहिला मार बसल्यावर पुढेच जायचे असते.

मूठ का नाही? बॉक्सिंगचा ठोसा उत्तम, पण तो उघड्या हाताने कपाळावर किंवा शिरस्त्राणाच्या कडेवर बसला तर बोटांमागची हाडे मोडतात. मुष्टियोद्ध्याच्या हाताला पट्ट्या आणि मोजे असतात, शिवाय वर्षानुवर्षांचा सराव. ज्याला दुसऱ्या मिनिटाला बंदुकीचा घोडा ओढायचा आहे त्याने हात मोडून घेणे म्हणजे निम्मी लढाई हरणे. हाताच्या कडेचा फटका याच हिशेबाने पुढे आला. बोटे जुळलेली, अंगठा वर ताठ, कोपर वाकलेले, आणि मार करंगळीखालच्या मांसल कडेने. बोटांनी नव्हे, करंगळीच्या सांध्यानेही नव्हे. अंगठा ताठ ठेवायला सांगतात त्याचे कारण साधे आहे: अंगठा ताठ केला की तळवा आपोआप आवळला जातो आणि कड टणक होते. अंगठा पडला की हात लुळा पडतो. कोपर पूर्ण सरळ करून मारले तर आपल्याच कोपराला हिसका बसतो, ही दुसरी नेहमीची चूक.

बुटाच्या माराची कथाही तीच. उंच लाथ गाळली, कारण ओल्या जमिनीवर सामानासकट एका पायावर उभा राहिलेला माणूस पडायला तयारच असतो. ठेवली ती आडवी, गुडघ्याच्या खालची लाथ: बुटाची कड नडगीवर आपटायची, तशीच खाली घासत आणायची आणि सगळे वजन पावलावर सोडायचे. खिळ्यांचा बूट हे त्या सैनिकाचे कायम अंगावर असलेले हत्यार. आज कोणी कापडी बूट घालून हा मार करून पाहतो आणि "यात काही दम नाही" म्हणतो, तेव्हा तो मार नव्हे, हत्यार बदललेले असते.

कुस्ती जाणणाऱ्या वाचकाला इथे हटकून प्रश्न पडतो की ढाक, धोबीपछाड, टांग यांच्या जातीचे डाव मागे का ठेवले. फेकी अगदीच काढल्या नाहीत. कमरेवरून फेक, मनगटाची फेक पुस्तिकेत आहेत. पण आखाड्यात पाठ लागली की निकाल लागतो, शत्रूच्या ठाण्यात पाठ लावणारा स्वतः खाली गुंततो आणि शत्रूचा जोडीदार त्याच्या पाठीशी उभा असतो. म्हणून शिक्षण असे होते: आपण उभेच राहायचे, आणि पडलोच तर लगेच उठायचे. जमिनीवरून गडगडत झटक्यात उठण्याचा तर वेगळा धडाच असे. पहिलवानाला हे शिकवणे सगळ्यांत अवघड. त्याचे अंग डावाकडे जाते, आणि दहा वर्षांची सवय दहा तासांत मोडत नाही.

सराव कसा चाले, हे उगमाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण पद्धत खरे तर सरावात आहे. जोडीदारावर सगळे मार अलगद, जागा दाखवण्यापुरते. पूर्ण ताकद फक्त पेंढा भरलेल्या, टांगलेल्या बाहुल्यांवर. दोन्ही हवे. नुसत्या जोडीदारावर सराव केला की हात चार बोटे आधीच थांबायची सवय लावून घेतो, आणि ही सवय ऐन वेळी बरोबर उगवते. नुसत्या बाहुलीवर केला की समोरचा हलतो, धरतो, ओरडतो याचे भान राहत नाही. पुढची पायरी म्हणजे एकामागून एक बाहुल्या, मधे अडथळे, शिक्षक मागून ओरडतो आहे, आणि शिकाऊ सैनिकाने न थांबता प्रत्येकीवर वेगळा मार करत पलीकडे जायचे. त्यापुढे अंधार. लक्ष्य अचानक समोर उभे राहणारी, पायाखालची फळी हलणारी घरे शांघायहून स्कॉटलंडला आणि तिथून अमेरिकेला गेली.

आणि दमणूक. १९४२ मध्ये ॲक्नाकॅरीला कमांडोंचे मुख्य प्रशिक्षणकेंद्र लेफ्टनंट कर्नल चार्ल्स व्हॉन यांच्या हाताखाली सुरू झाले, तिथे स्पीन ब्रिज स्टेशनवर उतरलेला शिकाऊ सामानासकट सुमारे ७ मैल चालत केंद्रावर येई, आणि पुढे खडकाळ वाटांवरची दौड, जिवंत काडतुसांखालचे सराव हेच रोजचे. थकलेल्या हातांना बारीक काम जमत नाही. अंगठा नेमका पकडून सांध्याच्या उलट दिशेने वळवणे ताज्या माणसाला सतरंजीवर जमते. छाती भरून आलेल्या, बोटे गारठलेल्या माणसाच्या हातून ते निसटते. मोठ्या स्नायूंनी होणारे डाव शिल्लक राहिले ते याच चाळणीतून.

खंजिराचा उगमही शांघायचाच. तिथल्या पोलीस शस्त्रागारात जुन्या संगिनी कापून दुधारी खंजीर बनवले जात. १९२७ पासून शहरात असलेल्या अमेरिकेच्या चौथ्या मरीन रेजिमेंटमधले काही अधिकारी या प्रयोगांत सामील होते. नोव्हेंबर १९४० मध्ये लंडनच्या विल्किन्सन सोर्ड कंपनीत फेअरबेर्न आणि साइक्स यांनी आराखडा दिला आणि जानेवारी १९४१ मध्ये पहिले खंजीर बाहेर पडले: सुमारे १७ सेंटिमीटरचे निमुळते दुधारी पाते, पितळेची खाचे पाडलेली गोल मूठ, वळवलेला आडवा दांडा. पुढे उत्पादन वाढवायला आडवा दांडा सरळ झाला, आणि १९४३ च्या सुमारास मूठ ओतीव मिश्रधातूची, कड्याकड्यांची आली. या खंजिराचे दोषही सांगायला हवेत. तो खुपसण्यासाठी बनवलेला. सैनिकांनी त्याने डबे उघडले, फळ्या उचकटल्या आणि टोके मोडली. मूठ गोल असल्यामुळे अंधारात म्यानातून काढल्यावर धार कुठल्या बाजूला आहे हे हाताला कळत नाही. पुढे रेक्स ॲपलगेट या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने फेअरबेर्न यांच्याबरोबरच्या चर्चेतून जो सुधारित खंजीर मांडला, त्यात मूठ चपटी आणि पाते रुंद झाले ते याचसाठी.

फेअरबेर्न यांच्या पुस्तिकेत कुठली धमनी कापली की किती सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो याचा एक तक्ता आहे. तो आजही जसाच्या तसा पसरवला जातो. तो चुकीचा आहे. रक्तस्राव, शुद्ध हरपणे आणि मृत्यू यांचे वेळेचे गणित इतके ठरीव नसते, आणि तक्त्यातल्या काही धमन्यांबाबतचे आकडे शरीरशास्त्राला धरून नाहीत. चांगल्या शिक्षकाचे सगळेच म्हणणे खरे मानायचे नसते, हे या तक्त्यावरून शिकावे.

१९४२ मध्ये फेअरबेर्न अटलांटिकपलीकडे गेले. साइक्स ब्रिटनमध्ये एसओईकडे राहिले आणि मे १९४५ मध्ये वारले. कॅनडात ऑन्टारियो सरोवराच्या काठी, व्हिटबीजवळ, डिसेंबर १९४१ मध्ये सुरू झालेल्या कॅम्प एक्समध्ये आणि मग ओएसएस या अमेरिकी गुप्तहेर संघटनेच्या मेरीलँडमधल्या केंद्रावर त्यांनी शिकवले. ॲपलगेट यांनी ते कॅम्प रिची इथल्या लष्करी गुप्तवार्ता केंद्रात नेले. शांघाय पोलिसांतलेच आणखी एक अधिकारी, डर्मट ओनील, हे ज्युदोत पारंगत होते. मोंटानातल्या हेलेना इथे उभ्या राहिलेल्या अमेरिका-कॅनडा संयुक्त विशेष दलाला त्यांनी शिकवले आणि पायांच्या मारावर अधिक भर दिला.

पण सगळ्या अमेरिकी सैन्याने ही वाट धरली असे नाही. जून १९४२ ची अमेरिकी भूदलाची निःशस्त्र संरक्षणाची अधिकृत पुस्तिका सुटका आणि फेकींवर, ज्युदोच्या वळणावर उभी होती. मरीन्समध्ये अँथनी ड्रेक्सेल बिडल यांचा खंजीर तलवारबाजीच्या रीतीने, हात लांबवून चाले. शांघायचा विचार आणि हा विचार एकत्र बसत नाहीत. बिडल यांना अंतर ठेवून खेळणारा प्रतिस्पर्धी दिसतो, फेअरबेर्न यांना दारामागून अंगावर येणारा. माझा कौल दुसऱ्याकडे आहे, कारण युद्धात खंजीर समोरासमोरच्या द्वंद्वात क्वचितच निघतो.

सोव्हिएत बाजूला वेगळे, पण आश्चर्यकारक साम्य असलेले मूळ आहे. व्हिक्टर स्पिरिदोनोव्ह यांनी डायनॅमो या क्रीडासंघटनेत पोलीस आणि सुरक्षा दलांसाठी पद्धत बसवली. वासिली ओश्चेप्कोव्ह हे जपानमध्ये वाढलेले, कोदोकानचा दुसरा दान असलेले. त्यांनी मॉस्कोत शिकवलेल्या ज्युदोतून आणि निरनिराळ्या प्रजासत्ताकांच्या कुस्त्यांतून सांबो हा सोव्हिएत कुस्तीप्रकार घडत गेला. १९३७ मध्ये जपानी हेर ठरवून त्यांना अटक झाली आणि काही दिवसांतच ते तुरुंगात मेले. नोव्हेंबर १९३८ मध्ये सांबोला अधिकृत मान्यता मिळाली, त्यांच्या नावाशिवाय. म्हणजे एकाच कोदोकानातून शांघाय आणि मॉस्को अशा दोन फांद्या निघाल्या; एकीत फेकी मागे पडल्या, दुसरीत त्याच मुख्य राहिल्या. शिक्षणाची मुदत, संस्था आणि उद्देश वेगळे, म्हणून फळ वेगळे. ब्रातिस्लाव्हात वाढलेले कुस्तीगीर आणि मुष्टियोद्धे इमी लिख्टेनफेल्ड यांनी १९४० च्या दशकात पॅलेस्टाइनमध्ये हगाना या ज्यूंच्या सशस्त्र संघटनेच्या तुकड्यांना जे शिकवले, ज्यातून क्राव्ह मागा ही इस्रायली पद्धत आली, तेही रस्त्यावरच्या मारामाऱ्यांतून आणि अपुऱ्या वेळेतून घडले. ते शांघायची नक्कल नाही. दबाव सारखा होता म्हणून उत्तरे जवळची आली.

आपल्याकडचा धागा लहान पण खरा आहे. एसओईची पूर्वेकडची शाखा पुढे फोर्स १३६ या नावाने ओळखली गेली, आणि तिची एक प्रशिक्षणशाळा पुण्याजवळ खडकवासल्याला होती. जपानी ताब्यातल्या मलायात उतरवायचे चिनी स्वयंसेवक, लिम बो सेंग यांच्या गटातले, तिथे तयार झाले. स्फोटके आणि गनिमी हालचालींबरोबर एसओईच्या सगळ्या शाळांप्रमाणे निःशस्त्र झुंजही तिथल्या शिक्षणाचा भाग होती. शांघायच्या गल्लीतला मार स्कॉटलंडला वळसा घालून मुठेकाठी आला तो असा. कमांडो खंजिराची आकृती तर आजही भारतीय पॅराशूट रेजिमेंटच्या विशेष दलांच्या बलिदान चिन्हावर आहे, पंख पसरलेली.

आता व्यवहाराचे. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात कोणी "दुसऱ्या महायुद्धातली मूळ कमांडो पद्धत" शिकवतो म्हणाला, तर वंशावळ विचारत बसू नका. पहिला तास बघा. पहिल्या तासात मनगटाच्या दहा पकडी आणि त्यांच्या दहा सुटका असतील तर ते १९२६ चे पोलिसी शिक्षण आहे, वाईट नव्हे, पण १९४० चे नव्हे. चार-पाच मार, बाहुली, पुढे सरकणे आणि दमवणूक असेल तर शिक्षकाला मूळ कळलेले आहे. कायद्याच्या दृष्टीनेही हा फरक मोठा आहे: स्वसंरक्षणाचा हक्क धोक्याच्या प्रमाणात असतो, आणि युद्धकालीन अभ्यासक्रम ते प्रमाण मुद्दाम बाजूला ठेवून रचलेला होता. नागरिकाला त्यातले पायांचे काम, पवित्रा, सुटका आणि उठण्याचा धडा घेता येतो. गळ्यावरचे मार आणि पहारेकऱ्याला मागून धरण्याची पकड हे अभ्यासापुरतेच ठेवावे; सरावात जोडीदाराच्या गळ्याला हात लावणे अलगदसुद्धा नको, कारण तिथे अलगद आणि जोरात यांतले अंतर फार थोडे असते.

जुन्या पुस्तिका वाचताना एक काळजी घ्या. छायाचित्रात दिसते ती डावाची शेवटची स्थिती, आणि ती उभी करून काढलेली असते. त्यात वेग नाही, मधली पावले नाहीत. मजकुरात "पुढे पाऊल टाका" असे तीन शब्द असतात तिथेच निम्मा डाव असतो. म्हणून आधी चित्र झाकून मजकूर वाचा, पावले जमिनीवर खडूने आखा, हात न हलवता फक्त पावले चालून बघा, आणि मग हात जोडा. वजन कुठल्या पायावर आहे हे जिथे कळत नाही, तिथे पाठीवर सात-आठ किलोची पिशवी अडकवून तेच पाऊल पुन्हा टाका. चुकीचा पाय असेल तर तोल लगेच जातो.